झेंड्याच्या रंगांचं लिमिटेड एडिशन घड्याळ: दोन स्टार
कंपनीचं नाव घेत नाही. "आपल्या देशाचं घ्या, देशाला हातभार लावा" ही जाहिरात बघून घेतलं, आणि खरं सांगायचं तर ऑफिसात चारचौघांनी बघावं हेही मनात होतंच. पट्टा मस्त आहे, पण मागच्या झाकणावर बारीक अक्षरात लिहिलंय की फक्त जुळणी इथली, आतलं मशीन बाहेरचं. वेळ बरोबर दाखवतं, त्यात वाद नाही, पण आतला, ज्याच्या थरथरीवर वेळ मोजली जाते तो क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि माझ्या जुन्या साध्या घड्याळातही तो तेवढाच थरथरतो, मग जास्तीचे पैसे कशाचे दिले मी, डब्यावरच्या झेंड्याचे? आठवडाभर लोकांनी विचारलं, आता कुणी बघतही नाही. देशावरचं प्रेम असं विकायला काढलं याचा मनापासून राग येतो. दोन स्टार पट्ट्याला.