आल्याची बिअर, काळ्या गुळातली: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत इंग्लंडमधल्या लीड्सला राहणाऱ्या माझ्या भाचीने दोन कृती पाठवल्या. पहिली ‘डार्क माइल्ड’ या काळसर इंग्रजी बिअरची होती आणि दुसरी आल्याच्या बिअरची. माइल्डची कृती वाचताना हात शिवशिवले, हे कबूल करते. माइल्ड म्हणजे मूळ अर्थाने न मुरवलेली, ताजी बिअर. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा कस उतरत गेला आणि आज तिच्यात बहुधा तीन-साडेतीन टक्के दारू असते. भाजलेल्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याबरोबर, तिच्यात गडद रंगाची साखर घालतात, आणि त्या साखरेचे वर्णन मला आपल्या काळ्या गुळाच्या फार जवळचे वाटले. परंतु महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर गाळणे १९४९च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही, आणि तीस वर्षे महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत काढलेल्या बाईने निवृत्तीनंतर त्या भानगडीत पडावे, हे यजमानांना मान्य नव्हते. म्हणून दुसरी कृती हाती घेतली. तेव्हापासून या गणपतीपर्यंत एकतीस घाणे झाले. प्रत्येकाची नोंद वहीत आहे आणि पुढचे सगळे त्या वहीच्या आधारे लिहिले आहे.

कृती थोडक्यात अशी. सालीसकट किसलेले आले आणि साखर, प्रत्येकी एक मोठा चमचा, दोन कप पाण्यात घालायची आणि पाच ते सात दिवस रोज तेवढीच भर टाकून ढवळायचे. आल्याच्या सालीवर जे यीस्ट आणि आंबवणारे जिवाणू असतात ते जागे होतात आणि मिश्रण फसफसू लागते. इंग्रजीत त्याला काहीतरी किड्यासारखे नाव आहे, आमच्या घरात ते पहिल्या दिवसापासून ‘आल्याचे विरजण’ झाले. मग दोन लिटर पाण्यात ऐंशी ग्रॅम आले उकळून, त्यात एकशे साठ ग्रॅम साखर विरघळवून, निवल्यावर दोन लिंबांचा रस आणि शंभर मिलिलिटर गाळलेले विरजण घालायचे, बाटल्यांत भरायचे आणि दोन-तीन दिवसांनी शीतकपाटात ठेवायचे. विरजण म्हणजे ‘जिंजर बिअर प्लँट’ नव्हे. ते पूर्वी इंग्लंडमधल्या घराघरांतून फिरणारे दाणेदार मिश्रण वेगळे. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये त्याचा अभ्यास करून दाखवले की ते दाणे म्हणजे एका यीस्टचा आणि एका जिवाणूचा एकत्र संसार आहे. आपल्या विरजणात दाणे होत नाहीत, पण संसार साधारण तोच.

कृती खरी आहे, फसवी नाही. तिच्यातले वेळेचे आकडे मात्र लीड्सच्या स्वयंपाकघराचे आहेत, आणि हे मला पुरते समजायला एप्रिल उजाडावा लागला.

त्याआधी पाण्याने अडवले. पहिले विरजण चार दिवस ढिम्म राहिले. वर आल्याचा चोथा तरंगत होता आणि खाली साखरेचे पाणी जसेच्या तसे होते. मी थेट नळाचे पाणी घेतले होते. त्यातला क्लोरीन आपले काम चोख करत होता, म्हणजे यीस्टलाही डोके वर काढू देत नव्हता. पाणी उकळून रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवून दुसरे विरजण लावले, तर तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडताच ‘फुस्स’ झाले. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला औषधाचा वास जास्त येतो, तेव्हा हा नियम मी कधीच मोडत नाही.

गुळाकडे मी चौथ्या घाण्यापासून वळले. कोल्हापुरात राहून साखरेवर काम चालवणे मनाला पटेना. कोल्हापुरी गुळाचे नाव त्याच्या सोनेरी रंगावर झाले आहे. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि बाजारात उजळ ढेपेला भाव असतो. मी मार्केट यार्डात जाऊन काळा मागितला, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे काळजीने पाहिले. “वहिनी, पिवळाधमक घ्या की. हे काळं जनावरास्नी घालत्यात.” मी दोन्ही घेतले आणि एकाच दिवशी दोन घाणे लावले. पिवळ्याचा घाणा अडखळत चालला आणि उघडल्यावर पेटलेल्या काडीसारखा वास आला. काळ्याचा घाणा साखरेपेक्षाही लवकर पेटला. कारण अवघड नाही. रंग उजळवण्यासाठी काही गुऱ्हाळांत रसाला हायड्रॉस पावडर लावतात. तिच्यातून सुटणारा गंधकवायू यीस्टला रोखतो, आणि थोडा अंश गुळात राहिला तरी तो जाणवतो. उलट गुळात उसाची काही साखर आधीच फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेली असते, शिवाय यीस्टला लागणारी खनिजेही असतात. म्हणून निर्भेळ गूळ मिळाला, तर यीस्टला ते पंगतीचे पान वाटते. पिवळा गूळ सगळाच हायड्रॉसचा असतो असे माझे मुळीच म्हणणे नाही. वर्षभर एका ओळखीच्या गुऱ्हाळातून आणलेला, फक्त रानभेंडीच्या चिकाने मळी काढलेला तांबूस गूळ मला सर्वांत चांगला लागला.

गूळ वापरताना तीन बदल करावे लागले. ओलावा लक्षात घेऊन एकशे साठऐवजी एकशे ऐंशी ग्रॅम घेते. पाक उकळून पंच्यातून दोनदा गाळते, कारण चिपाडाचे कण आणि कधीकधी वाळूही निघते. आणि लिंबे दोनऐवजी तीन लागतात, कारण रसाला चुना लावला असेल तर गूळ आंबटपणा थोडा मारतो. चवीत फरक मोठा पडतो. साखरेची आल्याची बिअर स्वच्छ, तिखट आणि थोडी पोरकट लागते. गुळाची लागते ती जड, किंचित खारट आणि मागे जळक्या साखरेची आठवण ठेवणारी. रंग तर थेट कोऱ्या चहाचा येतो. भाचीला छायाचित्र पाठवले तेव्हा तिने विचारले, “मावशी, शेवटी माइल्डच केलीस का?”

रंगाचेच नव्हे, आकड्यांचेही साम्य आहे, आणि प्रयोगशाळेची सवय असल्यामुळे मला ते फार आवडले. हायड्रोमीटर म्हणजे द्रव पाण्यापेक्षा किती जड आहे हे दाखवणारी तरंगती काचेची नळी; साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. माइल्डचा अर्क आंबवण्यापूर्वी तिच्यावर साधारण १.०३० ते १.०३८ दाखवतो. माझा गुळाचा अर्क १.०३० दाखवतो. म्हणजे दोघी एकाच पायरीवरून निघतात. माइल्ड १.०१० च्या आसपास उतरते आणि त्या उताराची तीन टक्के दारू होते. मी १.०२६ वर थांबते, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण ‘घरगुती, नैसर्गिक’ म्हणून हे पेय डोळे मिटून लहान मुलांच्या हाती दिले जाते. यीस्ट जिथे काम करते तिथे वायूबरोबर थोडी दारू होतेच. आमचे मामंजी माळकरी आहेत. त्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगितले, त्यांनी पेला परत केला आणि आजही ते लिंबूपाणीच घेतात.

हायड्रोमीटर वापरणार असाल तर एक गोष्ट सांभाळावी. फसफसणाऱ्या पेयात तो कधीच खरे बोलत नाही, कारण बुडबुडे काचेच्या नळीला चिकटून तिला वर उचलतात. नमुना दोन पेल्यांत आळीपाळीने, हॉटेलातला चहावाला करतो तसा, उंचावरून वीस-पंचवीस वेळा ओतावा. फेस पूर्ण बसल्यावर आणि पेय खोलीच्या तापमानाला आल्यावर आकडा घ्यावा. मी हे न करता सुरुवातीचे सहा घाणे मोजले. त्या सहांचे आकडे वहीत आहेत, पण त्यांवर तिरकी रेघ आहे.

आता बाटल्यांविषयी, कारण सर्वांत मोठी चूक तिथे झाली. एका विक्रेत्याकडून मी चौकोनी, तारेच्या बुचाच्या चार काचेच्या बाटल्या मागवल्या. वर्णनात ‘फसफसणाऱ्या पेयांसाठी’ असे स्पष्ट छापले होते. एप्रिलमध्ये एका रात्री अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरात सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. दिवा लावून पाहिले तर बाटलीचा तळ जागेवर होता, बूच तारेसकट फळीच्या कोपऱ्यात होते आणि मधली बाटली कुठेच नव्हती. तिचा सर्वांत लांब तुकडा मला तीन दिवसांनी तांदळाच्या डब्यामागे सापडला. भिंतीवर गुळाच्या पाण्याचा पंखा उमटला होता आणि सकाळपर्यंत मुंग्यांनी त्याची हद्द आखून टाकली होती. कोणी तिथे उभे नव्हते, एवढेच नशीब. विक्रेत्याला लिहिले, तर ‘वापर चुकीचा’ असे एका ओळीचे उत्तर आले.

वापर चुकला होता हे खरे, पण बाटलीही चुकीचीच होती. आतला दाब गोल भिंतीवर सारखा वाटला जातो, तर चौकोनी बाटलीच्या सपाट बाजू बाहेर फुगू पाहतात आणि कोपऱ्याशी तडकतात. दुसरी चूक माझी स्वतःची, एक गणित मी आधी करायला हवे होते. लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली की पेयाच्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाजारच्या शीतपेयात तो साधारण साडेतीन ते चार पट असतो. आपल्या अर्कात लिटरला सत्तर ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे ती सगळी आंबू दिली तर सतरा-अठरा पट वायू. या पेयाचा गोडवा म्हणजे न वापरलेला दारूगोळा आहे आणि त्याला थांबवणारे फक्त शीतकपाट आहे. एप्रिलच्या त्या रात्री बाटल्या छत्तीस तास बाहेर होत्या, कारण कृतीत ‘दोन ते तीन दिवस’ लिहिले होते आणि मला वाटले की मी लवकरच काढणार आहे.

त्यानंतर मी काच सोडली. शीतपेयांच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या स्वच्छ धुऊन वापरते, वर चार बोटे जागा ठेवते आणि घड्याळाऐवजी अंगठ्यावर विश्वास ठेवते. अंगठा रुतला तर ठेवायचे, बाटली नव्या सोड्याच्या बाटलीसारखी टणक लागली तर त्याच मिनिटाला आत ठेवायचे. वहीप्रमाणे मे महिन्यात ही वेळ चौदा ते सोळा तासांत येते, जुलैच्या झडीत चाळीस तास लागतात, आणि डिसेंबरमध्ये पूर्ण तीन दिवस, म्हणजे अगदी भाचीच्या कृतीप्रमाणे. दिसायला प्लास्टिक दरिद्री आहे, हे मान्य. मध्यंतरी गोटी सोड्याच्या बाटलीचाही मोह झाला. ती तरी मूळची इंग्लंडचीच, हिराम कॉडने १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. पण त्या बाटलीत गोटी तोंडाशी घट्ट बसायला आत आधीच दाब लागतो, आणि आपल्याकडे तो हळूहळू जमतो. तेव्हा तो नाद सोडला.

विरजण सांभाळणे दह्याच्या विरजणापेक्षा सोपे आहे. शीतकपाटात ठेवून आठवड्याला एक चमचा आले आणि एक चमचा गूळ पुरतो. गावी बारा दिवस गेलो होतो तेव्हाही ते तगले, फक्त वर पातळ पांढरी साय आली होती, ती काढून टाकली. केसाळ बुरशी दिसली, हिरवी किंवा काळी, तर मात्र चमच्याने काढण्याचा कंजूषपणा करू नये, बरणी सगळी ओतून द्यावी. उन्हाळ्यात दोनदा नखांच्या पॉलिशसारखा वास आला, तेव्हाही मी तेच केले. पावसाळ्यात चिलटांचा उपद्रव होतो. मलमलीची घडी दुहेरी करून रबराने आवळली नाही, तर ती आत पोहोचतातच.

पिण्याविषयी. थंडगार, दुपारी चारला, भडंगाबरोबर ही बिअर उत्तम लागते. रविवारी तांबड्या रश्श्याबरोबर देऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. रश्श्याने आधीच पेटलेल्या जिभेवर आले तेल ओतते आणि दोघांचीही चव जाते, तिथे आपली सोलकढीच बरी. आठ दिवसांनंतर शीतकपाटातही चव उतरू लागते. गोडवा कमी होतो, आंबटपणा वर येतो आणि बाटली उघडताना मोरीत उभे राहावे लागते. म्हणून एका वेळी दोन लिटरच्या पुढे मी जात नाही.

या कामाला वेळ किती लागतो, असे विचारणाऱ्यांना सांगते की हाताचे काम अर्ध्या तासाचे असते, लक्ष मात्र दोन दिवसांचे. ज्यांना बाटली भरून विसरून जायची आहे, त्यांनी बाजारचे पेय आणावे, ते स्वस्तही पडते. मी हे चालू ठेवणार आहे. गुऱ्हाळे सुरू झाली की यंदा गुळाऐवजी काकवी घालून पाहायची आहे, आणि वहीत त्यासाठी बत्तिसावे पान रेघा मारून तयार आहे. परवा शेजारच्या वहिनी वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. विरजण दिले आणि उरलेल्या तीन चौकोनी बाटल्याही दिल्या, तेल ठेवायला.