चेली, चिल्स की प्लीदा: इटालियन शिकायला निघण्याआधी

इटालियन शिकायला तिकडेच जायचं ठरवलेला माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, पेरुजा चांगलं की सिएना?" (दोन्ही इटलीतली, परदेशी लोकांना भाषा शिकवणारी विद्यापीठाची गावं.) मी उलट विचारते, "प्रमाणपत्राचा कागद कुणाला दाखवायचाय?" यावर बहुतेक वेळा शांतता पसरते. गाव, शाळा, फी हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं, आणि नेमका तोच विचार झालेला नसतो. माझाही झाला नव्हता.

मी पहिल्यांदा गेले ती फ्लॉरेन्सला, एका खासगी शाळेत, चार आठवड्यांसाठी. माहितीपत्रकात 'कोर्सअखेर प्रमाणपत्र' असं छापलेलं होतं. मिळालंही. जाड कागद, वर शिक्का, आईनं तर फ्रेम करून घ्यायचंच ठरवलं होतं. पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अर्जाला ते जोडलं, तर उत्तर आलं की हे चालणार नाही. कारण तो होता 'आत्तेस्तातो', म्हणजे हजेरीचा दाखला. बाई इतके तास वर्गात बसल्या, एवढंच तो सांगत होता. 'चेर्तिफिकात्सिओने' म्हणजे बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेची परीक्षा, ती वेगळी द्यावी लागते. शाळेनं खोटं काही लिहिलं नव्हतं, मीच नीट वाचलं नव्हतं. म्हणून कोर्स आणि परीक्षा या दोन वेगळ्या खरेद्या आहेत हे आधीच डोक्यात पक्कं करा. पेरुजाला शिकून सिएनाची परीक्षा देता येते. पुण्यात शिकून थेट परीक्षेलाच बसलात तरी कुणी अडवत नाही.

मान्यताप्राप्त परीक्षा मुळात चार. पेरुजाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठाची चेली, सिएनाच्या तशाच विद्यापीठाची चिल्स, दान्ते अलिगिएरी सोसायटीची प्लीदा आणि रोमच्या 'रोमा त्रे' विद्यापीठाची चेर्त डॉट इत. युरोपातल्या इतर भाषांप्रमाणे इथेही ए१ (अगदी सुरुवातीची) ते सी२ (सगळ्यात वरची) अशा सहा पायऱ्या. फक्त चेलीची नावं गोंधळात टाकतात: चेली १ म्हणजे ए१ नव्हे, ए२. चेली २ म्हणजे बी१, चेली ३ म्हणजे बी२. चिल्समध्ये मात्र 'ऊनो' म्हणजे बी१ आणि 'दुए' म्हणजे बी२. त्यामुळे 'मी दोन नंबरची परीक्षा दिली' असं कुणी म्हणालं तर आधी कुठली ते विचारा.

यातली वजनदार कुठली? सरकारदरबारी चारही सारख्याच. नागरिकत्वाच्या अर्जाला चारही चालतात, विद्यापीठाच्या प्रवेशालाही. 'सिएनाचं नाव मोठं' वगैरे ऐकाल, त्याकडे दुर्लक्ष करा. खरा फरक गुण मोजण्याच्या पद्धतीत आहे, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्याला तो चांगलाच जाणवतो.

चिल्समध्ये पाच विभाग: ऐकणं, वाचणं, व्याकरणाची रचना, लिहिणं, बोलणं. प्रत्येकाला वीस गुण आणि प्रत्येकात किमान अकरा हवेत. व्याकरणात वीसपैकी वीस मिळवले आणि ऐकण्यात दहावर अडकलात, तर प्रमाणपत्र नाही. पण सुटलेले विभाग वाया जात नाहीत. दीड वर्षाच्या आत फक्त राहिलेला विभाग पुन्हा देता येतो, आपल्या एटीकेटीसारखं. चेलीत लेखी भागांची बेरीज होते आणि तोंडी वेगळी मोजतात. म्हणजे वाचन-व्याकरणात कमावलेलं ऐकण्यातल्या तोट्याला पुरवता येतं. एक बाजू सुटली आणि दुसरी राहिली, तर सुटलेली वर्षभर धरतात. प्लीदात चारच कौशल्यं, प्रत्येकी तीस गुण, प्रत्येकात अठरा हवेत. व्याकरणाचा स्वतंत्र पेपर नाही.

आता आपण कुठे असतो? शाळेपासून व्याकरण घोटलेलं, वाचून समजतं, पण रेल्वे स्टेशनवरची घोषणा लागली की कान बधिर. अशा माणसाला चेलीची बेरीज मानवते. मी चेली ३ दिली आणि ऐकण्याच्या भागातली माझी पडझड वाचनानं झाकली गेली, हे कबूल करते. उलट तिकडेच लग्न होऊन गेलेली, दुकानात-शेजारात रोज बोलणारी, पण वहीत कधी क्रियापद न चालवलेली मुलगी असेल, तर तिला प्लीदा बरी. चिल्स सगळ्यात काटेकोर. ज्याची चारी चाकं सारखी चालतात त्यानं खुशाल द्यावी.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण मराठी माणसाला इथे फुकटचा फायदा मिळतो आणि कोणतीच शाळा तो सांगत नाही. इटालियनमध्ये बाई म्हणते 'सोनो आन्दाता' आणि पुरुष म्हणतो 'सोनो आन्दातो'. वर्गातली इंग्लंडची मुलगी यावर दोन आठवडे डोकं फोडत होती. मी मनात म्हटलं, 'मी गेले', 'मी गेलो', यात काय एवढं? पुढची गंमत तर आणखी. सफरचंदाबद्दल 'ते मी खाल्लं' म्हणायचं असेल तर 'लो मान्जाता', म्हणजे शब्दशः 'ती मी खाल्ली', कारण सफरचंद तिकडे स्त्रीलिंगी. क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. आपण 'मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' हे कर्मणी प्रयोग म्हणून सातवीत शिकतो. तिकडे हे कर्म सर्वनाम होऊन क्रियापदाच्या आधी आलं तरच होतं, एवढाच फरक. उच्चारांतही तेच. 'ग्रात्सिए'मधला 'त्स' म्हणजे 'चमचा'तला च, आणि 'चिनेमा'तला च म्हणजे 'चिंच'मधला. दोन्ही च आपल्या तोंडात आधीपासून आहेत. जोडाक्षरं मात्र जपून. 'आन्नो' म्हणजे वर्ष. त्यातला एक न खाल्लात, तर स्वतःचं वय सांगताना तुम्ही शरीराच्या भलत्याच भागाचा हिशेब देता. पेन्ने पास्ता मागतानाही तीच खबरदारी.

हा फायदा व्याकरणाच्या पेपरात उपयोगी पडतो, म्हणजे चिल्समध्ये आणि चेली ३ पासून वर. प्लीदा घेतलीत तर या बळाला स्वतंत्र गुण नाहीत.

आता कागद कुणाला दाखवायचा, त्याकडे वळू. तिथल्या विद्यापीठात इटालियन माध्यमाच्या अभ्यासक्रमाला जायचं असेल तर बी२ धरूनच चाला. ते प्रमाणपत्र हातात असलं की विद्यापीठाची भाषाचाचणी टळते. मिलानला इंग्रजी माध्यमात शिकायला जाणाऱ्यांना प्रवेशासाठी इटालियन सहसा लागत नाही. त्यांनी परीक्षेत पैसे घालू नयेत, घर शोधण्यापुरतं ए२ पर्यंत शिकावं. घरमालक इंग्रजी बोलत नाहीत.

लग्नानं किंवा दीर्घ वास्तव्यानं नागरिकत्व मागायचं असेल तर २०१८ च्या डिसेंबरपासून बी१ बंधनकारक आहे. त्यासाठी चिल्सची 'बी१ चित्तादिनान्त्सा' नावाची खास परीक्षा आहे. ती रोजच्या कामाच्या भाषेवर बेतलेली, नेहमीच्या बी१ पेक्षा सुटसुटीत. पण ती नागरिकत्वापुरतीच. पुढे शिकायची जरासुद्धा शक्यता असेल तर साधी बी१ द्या. बर्गामोजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं सोपी म्हणून ती खास परीक्षा दिली, आणि वर्षभरात तिला बालवाडीच्या मदतनिसाच्या कोर्सला जायचं मनात आलं. परत फी, परत अभ्यास. आणि एक: ज्यांच्याकडे युरोपीय संघाचा दीर्घकालीन निवासाचा परवाना आहे, त्यांना नागरिकत्वासाठी वेगळं बी१ दाखवावं लागत नाही. त्या परवान्यासाठीच ए२ मागतात. हे ठाऊक नसल्यानं उगाच परीक्षेला बसलेले लोक मी पाहिलेत.

तिसऱ्या गटाबद्दल कमी बोललं जातं: वसईचे आणि गोव्याचे फादर-सिस्टर. रोमच्या पोपच्या अखत्यारीतल्या विद्यापीठांत बरंचसं शिक्षण इटालियनमध्ये चालतं, त्यामुळे आधी काही महिने भाषा शिकायला येणारे पेरुजाला नेहमी दिसतात. माझ्या वर्गात वसईचे एक फादर होते. तोंडी परीक्षेत फोटोचं वर्णन करायचं असतं. त्यांना आला एक आजी कणीक मळतानाचा फोटो. आजीवर दोन वाक्यं बोलून ते थेट नाताळात वसईला तळतात त्या फुग्यांवर गेले, आणि परीक्षक बाई कृती विचारत बसल्या.

आता गावं. पेरुजाचं विद्यापीठ १९२१ पासून परदेशी लोकांना हेच शिकवतंय. गाव डोंगरावर, थंडीत वारा हाडात शिरतो, आणि खालून वर जायला सोळाव्या शतकातल्या पोपच्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने आहेत. पिशव्या घेऊन मी तिथून रोज जायचे आणि रोज मान वर करून बघायचे. खोल्या फ्लॉरेन्सपेक्षा बऱ्याच स्वस्त. पण खरं कारण वेगळं: वर्गात चिनी, तुर्की, आफ्रिकी मुलं. आपसात समान भाषा एकच, मोडकीतोडकी इटालियन. त्यामुळे मधल्या सुट्टीतही तीच बोलावी लागते.

सिएना देखणं आहे, आणि विद्यापीठ रेल्वे स्टेशनला लागूनच, उतरलात की दारात. आमचीच भाषा शुद्ध, असा तिथल्या लोकांचा तोरा असतो. पुण्यात वाढलेल्या माणसाला तो अनोळखी वाटणार नाही. मजा अशी की याच शुद्ध प्रदेशात 'कासा'चा (म्हणजे घर) उच्चार बोलताना 'हासा'सारखा होतो. सुरुवातीला कानाला त्रास होतो. २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओची घोडदौड असते. त्या दिवसांच्या आसपास खोलीचं भाडं विचारूच नका.

फ्लॉरेन्सबद्दल माझं मत कडू आहे, ते वर कळलंच असेल. शाळा उत्तम असतीलही, पण बाहेर पडलात की दुकानदार इंग्रजीत उत्तर देतो, आणि वर्गात सहा महिन्यांसाठी आलेली अमेरिकन मुलं. संग्रहालयं बघायची तर जा, भाषेसाठी नको. पैसे बेताचे असतील तर पालेर्मो बघा. तिथल्या विद्यापीठाचीही परदेशी लोकांसाठी भाषाशाळा आहे, आणि दक्षिणेत माणसं स्वतःहून गप्पा मारायला येतात. रस्त्यावरची सिसिलियन बोली मात्र पुस्तकात सापडणार नाही.

आणि काहीच येत नसेल तर कुठेच जाऊ नका, आधी इथे ए२ करा. मुंबईत आणि दिल्लीत इटलीच्या सरकारची सांस्कृतिक केंद्रं आहेत, पुण्यात खासगी वर्ग आहेत. 'हा माझा भाऊ, ही माझी बहीण' हे युरो मोजून शिकण्यात काय अर्थ आहे? शून्यातून तीन महिन्यांत बी२ करून देतो म्हणणाऱ्या शाळेला लांबूनच नमस्कार.

तीन महिन्यांचा मुद्दा आणखी एका कारणानं महत्त्वाचा. नव्वद दिवसांपर्यंत शेंगेन व्हिसावर भागतं. त्यापुढे राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि पोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत पोस्टातून किट आणून निवासाच्या परवान्याचा अर्ज टाकावा लागतो. तो फॉर्म भरणं हीच एक परीक्षा आहे. पण अभ्यासाच्या परवान्यावर आठवड्याला वीस तास काम करता येतं, आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरातली भांडी घासता घासता जी इटालियन शिकाल ती कुठल्याच वर्गात मिळणार नाही. ऐकण्याचा पेपर तिथेच सुधारतो. त्यातली प्रत्येक ओळ परीक्षेत वापरण्याजोगी असेलच असं नाही.

परीक्षा वर्षातून ठरावीक तारखांनाच असतात, नाव आधी काही आठवडे नोंदवावं लागतं, आणि निकाल हातात यायला साधारण दोन-तीन महिने जातात. त्यामुळे अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत या, आणि कोर्स त्यानंतर निवडा. प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच घाला. वडलांचं नाव मध्ये आलं की तिकडचे लोक त्यालाच आडनाव समजतात, आणि दुरुस्तीला पुन्हा तेवढाच वेळ जातो.