दिवा बंद, तरी बॅग संशयित: रिकॉलमधली सेकंडहँड सेदान चौदा महिने वापरल्यावर

गाडी पेट्रोल सेदान, दहा वर्षांच्या पुढची, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. रोजचं चालवणं शहरातलं, महिन्यातून दोन-तीनदा सांगली नाहीतर गगनबावडा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खालचं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या एअरबॅग रिकॉलला (दोष असलेला भाग फुकट बदलून द्यायला कंपनी गाड्या परत बोलावते त्याला) लागू पडतं. मायलेज, एसी, सस्पेन्शन यावर भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे मिळणार नाही. इथे फक्त डाव्या सीटसमोरच्या एअरबॅगबद्दल. चासी नंबर रिकॉलमध्ये निघाल्यापासून पार्ट येईपर्यंत सात महिने गेले, आणि पार्ट बदलून आता सात महिने झालेत. प्रत्यक्ष काम पाऊण तासाचं होतं.

दोष नेमका कशात आहे ते आधी. एअरबॅग म्हणजे कापडी पिशवी, आणि तिला फुगवणारा धातूचा बंद डबा म्हणजे इन्फ्लेटर. डब्यात रसायनाच्या गोळ्या असतात. धडक झाली की त्या पेटतात, गॅस होतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी भरते. ताकाता या जपानी कंपनीने गोळ्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं आणि कोट्यवधी इन्फ्लेटरमध्ये ओल शोषणारा पदार्थ घातलाच नाही. खताचं पोतं पावसाळ्यात उघडं राहिलं की त्याचं काय होतं ते आपल्याकडे सांगायला नको. त्यात या रसायनाची स्फटिकरचना ३२ अंशांच्या आसपास बदलते. ती सांभाळायला कंपनीने त्यात दुसरं रसायन मिसळलं होतं, पण ओल आणि रोजचं तापणं-निवणं वर्षानुवर्षं चालू राहिलं की गोळ्या फुगतात, आतून भुसभुशीत होतात. अशी गोळी ठरल्या वेगाने जळत नाही, भडकन जळते. डब्यातला दाब आवाक्याबाहेर जातो, डबाच फुटतो आणि त्याचे तुकडे पिशवी फाडून गळ्यापर्यंत, छातीपर्यंत येतात. चौकात हळू वेगात झालेली टक्करसुद्धा त्याला पुरते, फक्त बॅग उघडण्याइतकी असली की झालं.

दमट आणि उष्ण हवेत गाडी जितकी जुनी, तितका धोका जास्त. कोल्हापुरात मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हात ठेवू देत नाही, आणि पुढचे चार महिने काचेच्या आतून बाष्प धरतं. गगनबावड्याकडे राहणाऱ्यांना तर बोलायलाच नको.

एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर रिकॉलमध्ये आले. जून २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. भारतात होंडाने जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८, जानेवारी २०१७ मध्ये ४१,५८० आणि जानेवारी २०१८ मध्ये २२,८३४ गाड्या बोलावल्या. टोयोटाने २०१७ मध्ये २३,१५७ कोरोला आल्टिस बोलावल्या. आकडे पाहिले की सगळं कधीच उरकलंय असं वाटतं. पण यातल्या बऱ्याच गाड्या आतापर्यंत दोन-तीन हात फिरल्यात, आणि रिकॉलचं पत्र जातं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर.

सेकंडहँड गाडीत घोळ होतो तो इथेच. आरटीओत गाडी नावावर झाली म्हणून कंपनीकडच्या नोंदीत मालक बदलत नाही, ती वेगळी करून घ्यावी लागते. सर्व्हिस सेंटरला फोन नंबर दिला तरी तो कधीकधी फक्त त्या डीलरच्या संगणकात राहतो. म्हणून पत्राची वाट न बघता चासी नंबर स्वतः कंपनीच्या साइटवर टाकायचा. नंबर १७ अक्षरांचा असतो, आरसीवर मिळतो. गाडीवर कोरलेल्या नंबराशी तो एकदा ताडून बघा, तेवढीच गाडीचीही परीक्षा होते. या नंबरात इंग्रजी ओ, आय आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. दिसतो तो गोल म्हणजे शून्यच. ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर येतं त्यात बऱ्याचदा हीच चूक असते.

चासी नंबर निघाला की रिकॉल कुठल्या भागाचा आहे ते शब्द न शब्द वाचा, कारण ‘एअरबॅग रिकॉल’ या एका नावाखाली वेगवेगळी दुखणी येतात. इन्फ्लेटरचं दुखणं वर लिहिलंय: बॅग उघडते, पण घातक पद्धतीने. कंट्रोलर म्हणजे बॅग कधी उघडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. त्याचं दुखणं उलटं असतं, बॅग उघडतच नाही. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या बोलावल्या त्या कंट्रोलरसाठी, आणि पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं कंपनीनेच सांगितलं होतं. कधी कारण स्टेअरिंगमागच्या क्लॉक स्प्रिंगचं, म्हणजे फिरत्या स्टेअरिंगपर्यंत वीज नेणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीचं असतं. ती तुटली की हॉर्न आणि स्टेअरिंगवरची बटणंही बंद पडतात, त्यामुळे लगेच कळतं.

इन्फ्लेटरचं मात्र कळत नाही. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा किल्ली फिरवल्यावर काही सेकंद लागतो आणि विझतो, आणि ‘साहेब, दिवा विझतोय म्हणजे सिस्टीम ओके’ हे वाक्य काउंटरवर हमखास ऐकायला मिळतं. कंट्रोलर बघतो ती वायरिंगची जोडणी आणि रेझिस्टन्स. डब्यातल्या गोळ्या कोरड्या आहेत की भुसभुशीत, हे सांगणारा सेन्सर गाडीत नसतो. स्कॅनरही सांगत नाही. चासी नंबर आणि जॉब कार्ड (काय काम केलं ते लिहिलेला सर्व्हिस सेंटरचा कागद) यांच्याशिवाय पुरावा नाही.

आता वाट पाहण्याचे सात महिने. पार्ट लवकर येत नाही याची काही कारणं खरी असतात. इन्फ्लेटर धोकादायक माल म्हणून पाठवावा लागतो, साध्या कुरिअरने येत नाही. डीलर एकेक मागवत नाही, चासी नंबर जमवून मागणी टाकतो. छोट्या शहरात गाड्या कमी, म्हणून लॉट उशिरा. इथपर्यंत समजून घेता येतं. पण आमच्या बाबतीत पहिले तीन महिने मागणीच गेली नव्हती. तोंडी ‘ऑर्डर केलंय’ एवढंच उत्तर मिळत होतं, ऑर्डर नंबर मागितल्यावर खरं बाहेर आलं. त्यामुळे पहिल्याच दिवशी मेलवर मागायच्या गोष्टी अशा: कॅम्पेन नंबर (कंपनीने त्या रिकॉलला दिलेला), पार्टची ऑर्डर टाकल्याची तारीख, ऑर्डर नंबर. मेल डीलरला आणि त्याच वेळी कंपनीच्या ग्राहक विभागाला, चासी नंबर विषयाच्या ओळीत. चौथ्या महिन्यात असा मेल गेल्यावर हालचाल सुरू झाली. आणखी एक, चासी नंबरावर काम देशातल्या कुठल्याही अधिकृत डीलरकडे होतं. सांगली, बेळगाव, पुणे तिन्हीकडे विचारा. बेळगावला पार्ट पडून आणि कोल्हापूरला वेटिंग, असंही होतं.

दरम्यान गाडी वापरायची कशी? दोष फक्त डाव्या बाजूचा असेल तर ती सीट रिकामी ठेवायची, माणसं मागे, पट्टा लावून. ड्रायव्हरच्या बाजूचा असेल तर गाडी शक्य तितकी उभी ठेवा. कंपनीने ‘चालवू नका’ म्हटलं असेल तर उभीच. ओळखीच्या मिस्त्रीकडून फ्यूज काढून घेणं किंवा कनेक्टर सोडवणं हा उपाय नाही. बहुतेक गाड्यांत बॅग आणि सीटबेल्ट ओढून धरणारा प्रिटेन्शनर एकाच कंट्रोलरवर असतात. फ्यूज काढला की बाकीच्या चांगल्या बॅगा आणि पट्टाही गेला. एअरबॅगच्या वायरच्या पिवळ्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावून ‘करंट येतोय का’ बघणारे महाभाग उद्यमनगरात काय, सगळीकडेच आहेत. मीटरच्या त्या थोड्याशा करंटनेही बॅग पेटू शकते. त्यांना गाडीला हात लावू देऊ नका.

कामाच्या दिवशी शक्य असेल तर काचेतून का होईना, बघत उभं राहा. योग्य क्रम साधारण असा: किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून किमान तीन मिनिटं थांबणं, कारण कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये तेवढा वेळ चार्ज राहतो. मग ग्लोव्ह बॉक्स खाली. त्याच्या वर, डॅशच्या आतल्या लोखंडी आडव्या पट्टीला एअरबॅगचं मॉड्यूल बोल्टने धरलेलं दिसतं. आधी पिवळ्या कनेक्टरचं लॉक सरकवायचं, मग कनेक्टर ओढायचा. लॉक न सरकवता ओढला की ते लॉक तुटतं आणि दोन महिन्यांनी दिवा लागतो. मॉड्यूल काढून टेबलावर, पिशवीची बाजू वर. काही गाड्यांत पूर्ण मॉड्यूल बदलतात, काहींत फक्त इन्फ्लेटर. आमच्यात फक्त इन्फ्लेटर बदलला. नट टॉर्क रेंचने आवळायचे, मनगटाच्या अंदाजाने नाही. जोडणी झाल्यावर बॅटरी लावून पहिल्यांदा किल्ली फिरवताना बॅगेसमोर कुणी बसायचं नाही, बाहेरून हात घालून फिरवायची. शेवटी स्कॅनर लावून दोषाचा एकही कोड नसल्याची प्रिंट.

बॅटरी काढण्याआधी स्टिरिओचा कोड हाताशी आहे का बघा. नसला तर परत एक चक्कर.

जॉब कार्डवर कॅम्पेन नंबर, नव्या इन्फ्लेटरचा सीरियल नंबर आणि ‘शून्य रुपये’ हे तिन्ही हवेत. ‘जनरल चेकअप’ असं लिहून दिलं तर घेऊ नका, उद्या गाडी विकताना ते कार्ड कागदाच्या बोळ्याइतकंच कामाचं. जुना इन्फ्लेटर कंपनीकडे परत जायचा असतो. तो भंगारात दिसला तर तिथल्या तिथे हरकत घ्या, तो न फुटलेला फटाका आहे. आणि गाडीवर २०१४-१६ च्या सुमारास हे काम एकदा झालं असेल तरी नंबर पुन्हा तपासा. सुरुवातीच्या काळात काही ठिकाणी जुन्याच पद्धतीचे नवे इन्फ्लेटर बसवले गेले होते आणि ते नंतर पुन्हा बदलावे लागले.

नंतरच्या सात महिन्यांत दोनच तक्रारी. तिसऱ्या आठवड्यात एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. स्कॅनरने कोड दाखवला डाव्या बॅगेचा नाही, ड्रायव्हरच्या सीटखालचा. सीट मागे-पुढे करून वायर ताणली गेली होती, कनेक्टर काढून पुन्हा टक् आवाज येईपर्यंत बसवल्यावर गेला. सीटखाली व्हॅक्यूमची नळी घालणारे वॉशिंगवाले हे हमखास करतात. पावसाळ्यात आसऱ्याला आलेले उंदीर वायर कुरतडतात ते वेगळंच. दुसरी तक्रार डॅशच्या कुरकुरीची. ग्लोव्ह बॉक्सची एक क्लिप बसवताना तुटली होती.

डॅशबोर्डवरही जरा बघा. डाव्या बाजूच्या झाकणाची शिवण नीट पाहिली तर बारीक रेघ दिसते, बॅग तिथून फाडून बाहेर येते. तिच्यावर डबल टेपने चिकटवलेला गणपती, जोतिबाचा फोटो, अत्तराची बाटली, फरची चादर हे सगळं बॅगेबरोबर तोंडावर येणार. देव मधोमध, शिवणीपासून दूर. सीटच्या कडेला बॅग असलेल्या गाडीला घट्ट रेक्झिनचं कव्हर घालायचं नाही हेही त्यातच आलं.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी कोल्हापुरात एक जादा काळजी: २०१९ आणि २०२१ च्या पुरातल्या गाड्या. एअरबॅगचा कंट्रोलर बहुतेक गाड्यांत गिअरच्या कन्सोलखाली, जमिनीला लागूनच असतो, म्हणजे पाणी आधी तिथे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळीच्या आतल्या टोकाला गढूळ पट्टा राहतो. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरच्या पिना हिरवट असतील तर व्यवहार तिथेच थांबवा. अपघातात उघडलेल्या बॅगेच्या जागी दोन-अडीच ओहमचा रेझिस्टर घालून दिवा विझवून देणारेही आहेत. काही तर दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात. किल्ली फक्त ऑन करा, इंजिन चालू करू नका: एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी आपला आपण विझला पाहिजे, ऑइल आणि बॅटरीचे दिवे तसेच राहिले पाहिजेत. लागलाच नाही किंवा इंजिन चालू झाल्यावरच विझला, तर हातचलाखी आहे.

कायद्याचा आधार किती? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. ठराविक टक्क्याहून जास्त तक्रारी आल्या तर सरकार सक्तीचा रिकॉल लावू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. पण हे सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना. ज्यांच्या गोळ्या पिकून तयार आहेत त्या जुन्या गाड्या नेमक्या त्याबाहेर पडतात, हा या नियमातला आमच्या मते सगळ्यात मोठा पोकळपणा. जुन्या गाडीवाल्याने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची, नंबर घ्यायचा, तोच नंबर कंपनीच्या मेलमध्ये टाकायचा. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मेल, ऑर्डर नंबर, तारखा जपून ठेवायच्या त्या यासाठी.

कुरकुरीचं शेवटी असं झालं: डीलरने क्लिप ‘पुढच्या लॉटमध्ये’ म्हणून सांगितली. लक्ष्मीपुरीतून फेल्टची चिकटपट्टी आणून ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही कानांना लावली, आवाज गेला. क्लिप अजून आलेली नाही.