एम४२ ते सोनी ई: २७.४६ मिलिमीटरची रिंग आणि गोव्याची हवा

जुनी मॅन्युअल लेन्स मिररलेस कॅमेऱ्याला लावायची तर मधे लागते ती एक पोकळ धातूची रिंग, म्हणजेच अडॅप्टर. तिच्यात काच नाही, वायर नाही, चिप नाही. म्हणूनच लोक मिळेल ती स्वस्तातली रिंग उचलतात आणि फोटो मऊ आले की दोष लेन्सच्या माथी मारतात. हे परीक्षण त्या रिंगेचं आहे. सोबत लेन्स धरली आहे हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२. एम४२ लेन्समध्ये नवशिक्याच्या हाती सगळ्यात आधी पडते ती बहुधा हीच.

एम४२ म्हणजे लेन्स फिरवून बसवायचे ४२ मिमी व्यासाचे, १ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे. या माउंटवर (लेन्स बसते त्या जोडावर) लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी असतं, सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या ई माउंटवर सेन्सरपर्यंत १८ मिमी. वजाबाकी केली की उरतात २७.४६ मिमी. रिंगेला एवढीच लांबी भरून काढायची असते, आणि ती किती काटेकोर भरली यावर तिची किंमत ठरायला हवी. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर हे जमत नाही, कारण तिथलं अंतरच ४६.५ मिमी आहे. मधे काच घातल्याशिवाय दूरचं फोकस मिळत नाही, आणि ती काच बहुधा लेन्सची धार घालवते.

रिंग फक्त ०.१ मिमी लांब निघाली तर काय होतं? ५८ मिमीच्या लेन्सचं फोकस साधारण ३३ मीटरच्या पुढे जात नाही. २८ मिमीची लेन्स लावली तर मर्यादा ८ मीटरच्याही आत येते, म्हणजे नदीपलीकडचं काहीच कधी टोकदार येणार नाही. रिंग आखूड असेल तर लेन्स अनंताच्याही (बॅरलवरच्या सगळ्यात दूरच्या खुणेच्या) पलीकडे फोकस होते आणि बॅरलवरचे मीटरचे आकडे खोटे ठरतात. पुष्कळ स्वस्त रिंगा मुद्दाम किंचित आखूडच बनवतात. ते चालवून घेता येतं, स्क्रीनवर बघून फोकस करायचा असतो. लांब रिंग मात्र परत करावी.

तपासायला पणजीत कांपालचा काठ उत्तम. मांडवीपलीकडच्या रेईश मागूश किल्ल्यावर कॅमेरा ट्रायपॉडवर रोखा, लेन्स एफ/२ वर पूर्ण उघडा आणि स्क्रीनवर चित्र मोठं करा. फोकस रिंग अनंताच्या टोकाकडे हळूहळू न्या. किल्ल्याच्या भिंतीची कड टोकाला पोचण्याच्या थोडी आधी सगळ्यात स्पष्ट होऊन पुन्हा मऊ झाली, तर रिंग ठीक आहे. टोक आलं तरी ती कड अजून सुधारतच असेल, तर रिंग लांब आहे. दुपारी मात्र हे करू नका. पाण्यावरची तापलेली हवा थरथरते आणि चांगली रिंगही नापास होते. सकाळी सातची वेळ बरी.

आता आतली कड. एम४२ रिंगा दोन प्रकारच्या मिळतात, आत सपाट कड असलेली आणि नसलेली. ऑटो लेन्सच्या मागे एक बारीक पिन असते, ती दाबली गेली तरच प्रकाशाचं भोक लहान करणारी पाती बंद होतात. कडवाली रिंग ती पिन कायम दाबून धरते. हेलिओस ४४-२ प्रीसेट आहे, म्हणजे तिची पाती हातानेच बंद करायची, तिला पिनच नाही, म्हणून तिला कोणतीही रिंग चालते. पण तिच्या ऑटो बहिणीला, ४४एम-४ ला, ऑटो-मॅन्युअलचा खटका नाही. बिनकडेच्या रिंगेवर ती एफ/२ वरच अडकून राहते, अ‍ॅपर्चर रिंग कितीही फिरवा. पुढे दुसरी लेन्स येणारच, तेव्हा कडवालीच घ्यावी. अपवाद फुजिनॉनच्या काही एम४२ लेन्सचा. त्यांच्या मागे एक खुंटी पुढे आलेली असते आणि ती रिंगेला अडते. तिथे जोर लावायचा नाही. आणखी एक: ४४-२ च्या आधीची नुसती '४४' ही ३९ मिमी आट्यांतही यायची. ती एम४२ रिंगेत ढिली पडते, मधे वेगळी बुश (आट्यांची पातळ कडी) लागते.

नवी रिंग थेट कॅमेऱ्यावर चढवू नका. आट्यांत धातूचा बारीक कीस राहिलेला असतो आणि तो सेन्सरवर जातो. मऊ ब्रशने झाडा, मायक्रोफायबर कापडाने पुसा, मगच लावा. लेन्स पूर्ण आवळल्यावर अंतराचे आकडे वर न येता बाजूला गेले, तर रिंगेच्या कडेचे तीन बारीक स्क्रू बघा. ते ढिले केले की आट्यांची आतली चकती फिरते. आकडे वर आणा आणि तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच एकदम आवळला तर चकती तिरकी बसते आणि फोटोची एक बाजू कायम मऊ येते. बेयोनेटकडचा, म्हणजे कॅमेऱ्यात अडकणाऱ्या बाजूचा, सैलपणाही बघा. फोकस फिरवताना फ्रेम डगमगत असेल तर रिंगेची पकड सैल आहे, आणि हा दोष घरी सुधारत नाही.

स्वस्त रिंगांचा सगळ्यात मोठा दोष आतला चकचकीतपणा. लेन्सवर कोटिंग जुन्या पद्धतीचं, समोर ऊन, त्यात रिंगेची आतली भिंत चमकते आणि सगळ्या फोटोवर पांढरट पडदा येतो. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर तर लेन्स सेन्सरपेक्षा मोठं वर्तुळ टाकते, उरलेला प्रकाश भिंतीवरच आदळतो. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. आत लख्ख रेघा दिसल्या तर मॅट काळा रंग पातळ लावा आणि पूर्ण वाळू द्या. आट्यांना आणि बैठकीला रंग लागता कामा नये, तिथल्या थराने लांबी बदलते.

कॅमेऱ्यात तीनच गोष्टी करायच्या. 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करा, नाहीतर शटरच पडत नाही. स्टेडीशॉट (हात हलल्याचा धक्का सावरणारी सोय) मॅन्युअलवर टाकून लेन्सची खरी फोकल लेंग्थ द्या. ५८ आकडा नसला तर जवळचा. दीडपट करून ८७ देऊ नका, तो हिशेब कॅमेरा करतो. पीकिंगवर, म्हणजे फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, पूर्ण विश्वास नको. एफ/२ वर ते जे लाल दाखवतं ते पुष्कळदा नुसतं जवळपास असतं, एक बटण मॅग्निफायरला द्यावं. मोड ए ठेवला की शटर कॅमेरा ठरवतो. अ‍ॅपर्चर त्याला कळत नाही, फोटोच्या माहितीतही येत नाही.

४४-२ च्या दोन अ‍ॅपर्चर रिंगांनी नवे लोक गोंधळतात. खटखट आवाजाची रिंग मर्यादा ठरवते, दुसरी बिनआवाजाची तेवढ्यापर्यंतच बंद होते. मर्यादा ५.६ ला ठेवा, उघडून फोकस करा, मग दुसरी अडेपर्यंत फिरवा. डोळा स्क्रीनवरून काढायची गरज नाही. मला ही रचना ऑटोपेक्षा सोयीची वाटते.

गोव्याच्या दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ला एफ/२ म्हणजे शटर १/६४०० लागतं. मेकॅनिकल शटर १/४००० ला थांबणारं असेल तर आकाश आणि चुन्याच्या भिंती जळतात. ४९ मिमीचा एनडी८ (प्रकाश आठपट कमी करणारा फिल्टर) लावला की तेच १/८०० वर येतं. हूडही ४९ मिमीचाच, धातूचा घ्यावा.

या लेन्सचा तो प्रसिद्ध भोवरा, म्हणजे गोल फिरल्यासारखी दिसणारी धूसर पार्श्वभूमी, हवा असेल तर फोंड्याकडचं एखादं कुळागर (पोफळींची बाग) गाठा. माणूस दीड-दोन मीटरवर, मागे पाच-सात मीटरवर पोफळींच्या झावळ्यांतून गळणारं ऊन. त्या प्रत्येक कवडशाची कडेला बदामासारखी चपटी टिकली होते आणि टिकल्या मधल्या चेहऱ्याभोवती फिरू लागतात. एपीएस-सीवर हा कडेचा भाग कापला जातो, तिथे भोवरा निम्माच दिसतो. चवथीला माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) टिपताना मात्र एफ/२ चा मोह टाळावा. पुढचं तोरिंजन (एक मोठं लिंबूवर्गीय फळ) टोकदार आणि मागचा सुपारीचा घड विरघळलेला, असा फोटो माटोळीचा राहत नाही. एफ/५.६ ला जा आणि आयएसओ वाढवा.

फोकल रिड्यूसरची, म्हणजे चित्र लहान करून सेन्सरवर टाकणाऱ्या काचवाल्या रिंगेची, शिफारस इथे करवत नाही. ०.७१ पटीचा रिड्यूसर ५८ ला ४१ करतो आणि एक स्टॉप प्रकाश वाढवतो हे खरं. पण त्यात काचा आहेत, आणि या हवेत प्रत्येक जास्तीची काच म्हणजे बुरशीला आणखी एक घर. साध्या रिंगेला ती भीती नाही.

लेन्सला आहे. विकत घेतानाच अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती लेन्स सोडा. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहतो. जुनी चामड्याची पेटी लेन्ससोबत आली तर ती वेगळी ठेवा, बुरशी तिथेच वाढते. जून ते सप्टेंबर लेन्स आणि रिंग हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. नारिंगी जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तास-दोन तास सुकवून पुन्हा वापरता येतं. एसी खोलीतून बाहेर पडायच्या आधी कॅमेरा झिप पिशवीत बंद करा आणि बाहेर अर्धा तास तसाच राहू द्या. पिशवी आधी उघडली तर दव लेन्सवर बसतं, आणि ही रिंग सीलबंद नसल्यामुळे दमट हवा थेट सेन्सरपर्यंतही जाते.