कळव्यातलं आमचं रेशन दुकान: पाचपैकी तीन, तेही तांदळासाठी

धान्य चांगलं आहे, हे आधी सांगते. यावेळी तांदूळ निवडताना जेमतेम चिमूटभर खडे निघाले. मागच्या पावसाळ्यात नुसते टोके होते. आम्ही चौघं, माणशी ५ किलो, म्हणजे २० किलो. जानेवारी २०२३ पासून पैसे लागत नाहीत. वजनकाट्यावर मात्र डोळा ठेवा, मला घरी १९ च भरलं. पावती मागितली की दुकानदाराचं तोंड वाकडं होतं. तरी मागाच.

खरा वैताग अंगठ्याचा. चार घरची भांडी घासून माझ्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात. मशीन तीनदा नाही म्हणालं, मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी लेक शाळेतून आल्यावर तिला नेलं, तिचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला.

शेजारच्या वहिनींचं कार्डही केशरीच, पण धान्य नाही. शहरात यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५९,००० च्या आत लागतं, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. अहो, त्यांच्या खोलीचं भाडंच सहा हजार आहे!

जायचं तर सकाळी जा. संध्याकाळी नेटवर्क नसतं.