न्यूयॉर्कमधला लोकल रिपब्लिकन क्लब : वर्गणी वसूल, सत्तेचं विसरा

आधीच क्लिअर करतो, हे आठवले साहेबांच्या रिपाइंबद्दल नाहीये, अमेरिकेतल्या हत्तीवाल्या पार्टीबद्दल आहे. आणि तेही टेक्सास-फ्लोरिडातल्या नाही, न्यूयॉर्क शहरातल्या, जिथे या पार्टीचं काम करणं म्हणजे एकेकाळी बारामतीत बसून कमळाचं काम करण्यासारखं. रजिस्टर्ड मतदारांत दहातला साधारण एक रिपब्लिकन, सहाच्या वर डेमोक्रॅट, आणि कुठल्याच पार्टीत नाव न नोंदवलेले लोकसुद्धा रिपब्लिकनांपेक्षा जास्त. तरी मी क्लबचा मेंबर झालो, अजून आहे, आणि बरेच जण विचारतात की "अरे नक्की करतात काय तिथे", म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. रेटिंग ५ पैकी साडेतीन. क्लबचं नाव आणि बरो (शहराचे पाच मोठे भाग आहेत, त्यातला एक) मुद्दाम लिहीत नाही, हे सगळं विश्व एवढंसं आहे की उद्या फोन येईल.

क्लब म्हटल्यावर पोहणं-बॅडमिंटन डोळ्यासमोर आणू नका. महिन्यातून एकदा चर्चचा किंवा माजी सैनिकांच्या संघटनेचा हॉल, स्टीलच्या फोल्डिंग खुर्च्या, सुरुवातीला झेंड्याकडे तोंड करून प्रतिज्ञा, मग एक प्रार्थना, मग खजिनदाराचा हिशोब, मग कोणीतरी पाहुणा, बहुतेक वेळा लोकल पोलीस ठाण्याचा ऑफिसर नाहीतर कुठल्यातरी सीटचा इच्छुक, आणि शेवटी रॅफल, म्हणजे तिकिटांची सोडत. खायला गार झालेला पिझ्झा किंवा बेक्ड झिटी पास्त्याचा ट्रे. वर्गणी वर्षाची, दोघांच्या साध्या जेवणाच्या बिलाएवढी. एसी चालेल याची गॅरंटी नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा हॉलमधला सगळ्यात तरुण माणूस मी होतो, आणि मी काही तरुण नाही हो. पण गर्दी तुम्हाला वाटते तशी एकरंगी नसते, इटालियन-आयरिश आजोबा आहेतच, पण चिनी आई-वडील, मध्य आशियातून आलेले बुखारी ज्यू, रशियन बोलणारे, गयानाचे हिंदू, ग्रीक डायनरवाले, सगळे असतात. माझं नाव उच्चारायला त्यांना वेळ लागला पण चहापेक्षा कॉफी बरी हे मला आधी कळलं.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी साडेतीन स्टार आहेत. या शहरात रिपब्लिकन पार्टीला माणसं कमी पडतात, त्यामुळे नवीन माणसाला ताबडतोब खरं काम मिळतं. आपल्याकडे सतरंज्या उचलण्यात दहा वर्षं गेली की मग कुठे गटप्रमुख करतात, माझा एक मित्र इथल्या डेमोक्रॅटिक क्लबात आहे, त्याचंही साधारण तसंच चाललंय, तिथे रांग मोठी. इथे उलटं. न्यूयॉर्कच्या कायद्यात प्रत्येक इलेक्शन डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे तुमच्या दोन-चार गल्ल्यांच्या मतदान-तुकड्यातून, पार्टीच्या काउंटी कमिटीवर (इथे काउंटी म्हणजे बरोच) किमान दोन माणसं असतात, आणि अर्ध्याहून जास्त वेळा त्या खुर्च्या रिकाम्या पडलेल्या तुम्हाला दिसतील. क्लबच्या दुसऱ्या-तिसऱ्या मीटिंगलाच एक काका येऊन विचारतात, तू कुठे राहतोस, तुझ्या ब्लॉकवर आपलं कोणी नाहीये, उभा राहशील का. पद म्हणून बघाल तर शून्य, पगार नाही, गाडी नाही, लेटरहेड नाही. पण काउंटी चेअर निवडतात ते हेच लोक, आणि चेअरच्या हातात काय असतं ते पुढे सांगतो.

खरी शाळा म्हणजे पिटिशन. निवडणुकीत नाव छापून यायचं तर उमेदवाराला आपल्याच पार्टीच्या मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, आणि हा सीझन फेब्रुवारीच्या शेवटाला सुरू होऊन एप्रिलच्या सुरुवातीला संपतो, म्हणजे नेमका थंडी-वारा-पाऊस असा तिन्ही त्रिकाळ. सिटी कौन्सिलला ४५० सह्या, मेयरला ३७५०, किंवा त्या भागातल्या पार्टीच्या मतदारांच्या ५ टक्के, जे कमी असेल ते. ऐकायला काहीच वाटत नाही ना? मग हातात यादी घ्या आणि निघा. सहा मजली बिल्डिंगमध्ये नावं चार, त्यातले एक आजोबा वारलेत, एक फ्लोरिडाला गेले, एक बाई दाराआडून म्हणतात मी कधीच रिपब्लिकन नव्हते, आणि चौथ्या घरात कुत्रा. को-ऑप बिल्डिंगचा डोअरमन तर आत सोडतच नाही. सही शाईची हवी, तारीख हवी, पत्ता मतदार यादीशी जुळायला हवा, सही करणाऱ्याने आधी दुसऱ्या कोणाच्या कागदावर सही केली असेल तर तुमच्याकडची बाद, आणि खालच्या साक्षीदाराच्या मजकुरात खाडाखोड करून बाजूला इनिशियल केलं नाही तर अख्खा कागद उडू शकतो. समोरच्या गटाचे लोक बोर्ड ऑफ इलेक्शन्समध्ये बसून एकेक ओळ तपासतात, म्हणून ४५० लागत असतील तर शहाणा माणूस तिप्पट गोळा करतो. मला विचाराल तर अमेरिकेचं राजकारण टीव्हीवर कळत नाही, ते कोणाच्यातरी दारात गोठलेल्या बोटांनी क्लिपबोर्ड धरून उभं राहिल्यावर कळतं. लोक भांडत नाहीत फार, उलट एखाद्या ऐंशीच्या आजीला इतका आनंद होतो की "आपलं" कोणीतरी दारात आलं, आत बोलवून लिंडसेच्या काळापासूनच्या गोष्टी सांगतात. जॉन लिंडसे १९६५ ला रिपब्लिकन म्हणून मेयर झाले, नंतर पार्टीच सोडली. त्याआधी ला गार्डिया, ज्यांच्या नावाचा विमानतळ आहे, तेही रिपब्लिकनच, तीनदा निवडून आले. जुलियानी १९९३ आणि १९९७, ब्लूमबर्ग २००१ आणि २००५ ला रिपब्लिकन तिकिटावर, आणि २००९ लाही मतपत्रिकेवर रिपब्लिकनांची लाइन होतीच त्यांच्याकडे. म्हणजे अगदीच उजाड गाव नव्हतं हे.

आता सत्ता कुठे असते ते. निवडणूक जिंकत नसाल तरी दोन गोष्टी हातात राहतात. एक, बोर्ड ऑफ इलेक्शन्स. दहा कमिशनर, प्रत्येक बरोतून एक डेमोक्रॅट एक रिपब्लिकन, पार्टीच्या शिफारशीवर नेमलेले, आणि खालचा स्टाफही दोन्ही पार्ट्यांत वाटलेला, मतदान केंद्राच्या टेबलावरसुद्धा दोघांचे लोक लागतात. दहा टक्केवाल्या पार्टीला अर्धं ऑफिस, जगात कुठे मिळतं सांगा. मतदानाच्या दिवशी काम करायला क्लब लगेच नाव मागतो, पहाटे पाचला हजर, सहाला दार उघडतं, रात्री नऊला बंद, मग मोजणी-आवराआवरी, पैसे मिळतात पण पाय राहत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे लाइन, म्हणजे मतपत्रिकेवरची पार्टीची ओळ. न्यूयॉर्कमध्ये एकच उमेदवार दोन-तीन पार्ट्यांच्या लाइनवर छापून येऊ शकतो, आणि दुसऱ्या पार्टीचा मेंबर असलेल्या माणसाला तुमच्या लाइनवर उभं राहायचं असेल तर तुमच्या काउंटीच्या नेत्यांची लेखी परवानगी लागते, तिला विल्सन-पकुला म्हणतात, १९४७ चा कायदा. ही परवानगी केवढ्याला जाऊ शकते ते २०१३ ला कळलं, माल्कम स्मिथ नावाचे डेमोक्रॅट स्टेट सिनेटर, त्यांना रिपब्लिकन लाइनवर मेयर व्हायचं होतं, त्यासाठी क्वीन्स आणि ब्रॉन्क्सच्या रिपब्लिकन नेत्यांना पैसे चारायचा डाव होता आणि मधे निघाला एफबीआयचा माणूस. स्मिथना सात वर्षं, मध्यस्थी करणारे रिपब्लिकन कौन्सिलमन हॅलोरन यांना दहा. जुने मेंबर ही गोष्ट अजून आवाज खाली करून सांगतात, थोडी लाज आणि थोडी मजा, दोन्ही असतं त्यात. म्हणून म्हणतो, काउंटी कमिटीच्या रिकाम्या खुर्चीला फुकट समजू नका.

इथवर सगळं छान, आता दीड स्टार कुठे कापले ते ऐका. सगळ्यात मोठी किंमत कोणी सांगत नाही, ती ही की रिपब्लिकन म्हणून नाव नोंदवलं की शहराच्या खऱ्या निवडणुकीतलं मत जातं. इथली प्रायमरी, म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवणारी आतली निवडणूक, बंद आहे, ज्या पार्टीत नाव त्याच पार्टीत मत, आणि पार्टी बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपते. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत जो जिंकला तोच नोव्हेंबरात जिंकतो. २०२५ ला मेयरसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत ममदानी विरुद्ध कुओमो, अख्खं शहर त्यावर बोलत होतं, दहा लाखांवर लोकांनी मत दिलं, आणि आम्ही घरी, कारण आमच्याकडे मेयरची प्रायमरीच नव्हती, उमेदवार कर्टिस स्लिवा एकटेच. आमच्या घरात सोय केलीय, बायको डेमोक्रॅट म्हणून रजिस्टर्ड आहे, तिला कोणाला मत दे हे सांगायची मात्र हिंमत नाही. पण एकटे असाल तर हा हिशोब आधी करा.

निकालांचं म्हणाल तर २०२३ च्या निवडणुकीत कौन्सिलच्या ५१ पैकी ६ जागा रिपब्लिकनांना मिळाल्या, स्टेटन आयलंड आणि क्वीन्स-ब्रुकलिनच्या कडेच्या भागातून, आणि त्या वर्षी ब्रॉन्क्समधूनही एक आली, क्रिस्टी मार्मोराटो, ब्रुकनर बुलेवार्डवर उंच बिल्डिंगा आणायच्या रिझोनिंगवर लोक चिडले होते म्हणून. मॅनहॅटनमधून शून्य. स्लिवांना २०२१ ला २८ टक्के मिळाले होते, २०२५ ला सातच्या आसपास, कारण आमच्याच लोकांनी ममदानीला अडवायला, प्रायमरी हरून अपक्ष उभ्या राहिलेल्या कुओमोकडे धाव घेतली आणि ट्रम्प साहेबांनीही मतदानाच्या आदल्या दिवशी कुओमोलाच द्या म्हणून सांगून टाकलं. महिनोन्‌महिने लाल बेरे टोपी घालणाऱ्या स्लिवांची पत्रकं वाटणाऱ्या कार्यकर्त्यांनी काय करायचं मग? क्लबात त्या आठवड्यात जे बोलणं झालं ते इथे छापण्यासारखं नाही.

आणि इथेच माझी मूळ तक्रार येते. लोकल प्रश्नांवर हा क्लब खरंच बरा आहे. पार्किंग, सिंगल-फॅमिली घरांच्या गल्लीत मोठ्या बिल्डिंगा, २०२३ ला क्वीन्समधल्या क्रीडमूर मनोरुग्णालयाच्या आवारात निर्वासितांसाठी टाकलेला तंबू, ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या खाली गाडीने शिरायला ९ डॉलर, आणि स्टायव्हसंट-ब्रॉन्क्स सायन्स या नावाजलेल्या सरकारी हायस्कुलांची प्रवेश परीक्षा, जी तेव्हाचे मेयर डी ब्लासिओ यांनी २०१८ ला बंद करायची म्हटल्यावर चिनी पालक रस्त्यावर आले आणि त्यातले पुष्कळ या बाजूला वळले. आपल्या देसी पालकांना यातला शेवटचा विषय बरोबर कळतो. २०२२ ला ब्रुकलिनमधून रिपब्लिकन लेस्टर चँग असेंब्लीत, म्हणजे राज्याच्या विधानसभेत गेले ते याच लाटेत, छत्तीस वर्षं असलेल्या माणसाला पाडून. पण मीटिंगमध्ये गटाराच्या झाकणावर चर्चा चालू असताना कोणीतरी उठून वॉशिंग्टनवर भाषण सुरू करतो आणि पाऊण तास गेला. इमिग्रेशनवर तर काही मेंबर माझ्यासमोर असं बोलतात की मी खोलीत आहे हे विसरलेत, मग आठवतं आणि "तू वेगळा रे" म्हणतात. हे "तू वेगळा" ऐकायची तयारी ठेवा. मी तिथल्या तिथे उत्तर देतो, त्याने दोन मित्र झाले आणि एकजण बोलत नाही, चालतंय. दिवाळीची शाळेला सुट्टी मिळाली ती डेमोक्रॅट असेंब्लीवुमन राजकुमार यांनी लावून धरली म्हणून, हेही मी क्लबात बोलून दाखवलंय.

पाहुणा कोण बोलवायचा यावर पण लक्ष ठेवा. मॅनहॅटनमधला मेट्रोपॉलिटन रिपब्लिकन क्लब, १९०२ पासूनचा, ईस्ट ८३ व्या रस्त्यावर, तिथे ऑक्टोबर २०१८ ला प्राउड बॉइज या कडव्या उजव्या गटाच्या संस्थापकाचं भाषण ठेवलं आणि नंतर बाहेर रस्त्यावर मारामारी झाली, पुढे दोघांना चार-चार वर्षांची शिक्षा. शतकभराचं नाव एका संध्याकाळी बातम्यांत वेगळ्याच कारणाने.

अजून एक कुरकुर, आमच्याच गोटातली. संघटनेच्या मीटिंगआधी प्रॉक्सीचा, म्हणजे आपलं मत दुसऱ्याच्या हाती द्यायचा कागद येतो, "येणं जमत नसेल तर सही करून पाठवा", आणि ज्याच्याकडे प्रॉक्सीचा गठ्ठा मोठा त्याचं राज्य. मी स्वतः गेलो तर हॉल अर्धा रिकामा आणि निकाल आधीच लागलेला. गट-तट एवढ्याशा पार्टीत किती असावेत? तीन माणसं असतील तर चार गट.

जायचंच असेल तर काही कामाच्या गोष्टी. एच-वन व्हिसावर असाल तर मत नाही, देणगीही नाही, पण बिनपगारी व्हॉलंटियर म्हणून फोन-पत्रकं चालतात. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते, पण मतदार नोंदणीच्या फॉर्मवर चुकूनही सही करू नका, कोणी क्लिपबोर्ड पुढे केला तरी, नागरिकत्वाचं वाटोळं होईल. पिटिशनवर साक्षीदार व्हायला साधारणपणे त्याच पार्टीत नोंदलेला मतदार लागतो. आणि देणगी द्यायची तर शहरात राहणाऱ्याने कौन्सिलच्या उमेदवाराला थोडीच द्यावी, शहराच्या मॅचिंग फंड योजनेत पात्र ठरलेल्या उमेदवाराला पहिल्या १७५ डॉलरपर्यंत शहर आठपट भर घालतं, म्हणजे तुमचे २५ त्याच्या हातात २२५ होतात. पार्टीच्या निधीसाठी होणाऱ्या लिंकन डिनरचं महागडं तिकीट घेण्यापेक्षा हे बरं, तिथे चिकन रबरी असतं आणि व्हेज म्हणजे तेच ताट, चिकन काढून.

तरुण मंडळींनी मॅनहॅटनमधल्या चकचकीत पार्ट्यांना न जाता आपल्या घराजवळचा क्लब शोधावा, जानेवारीच्या मीटिंगला जावं, म्हणजे पिटिशनच्या सीझनला वेळेत यादी हातात पडते. काळं पेन स्वतःचं न्या, क्लबातली चालत नाहीत.