जॉर्ज ड्यूकचा 'अ ब्राझिलियन लव्ह अफेअर': आठ महिने ऐकल्यावर

पहिल्या आठवड्यात माझं मत साफ होतं: गुळगुळीत. हॉटेलच्या लॉबीत वाजावं असं काहीतरी. जॉर्ज ड्यूक या अमेरिकी की-बोर्डवादकाचा १९८० सालचा हा अल्बम मी जुनी एलपी म्हणून घेतला. विकणाऱ्याने 'नवीकोरी' म्हणून गळ्यात मारलेल्या तबकडीवर दुसऱ्या बाजूला चांगला ठसठशीत चरा निघाला. पैसे पाण्यात गेले असं धरून ती कपाटात उभी करून ठेवली. आज आठवड्यातून दोनदा तरी ती लागते.

मी भजनी मंडळात तबला वाजवतो, कामापुरता. त्यामुळे नवं काही कानावर पडलं की हात आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधतो. इथे ती मिळूनही निसटायची. कारण कळायला तीन महिने गेले. फंक या अमेरिकी नाचऱ्या संगीतात पहिली मात्रा म्हणजे सगळं. बेस आणि ड्रम मिळून तिथे पाय आपटतात. साम्बा या ब्राझिलियन नाचाच्या संगीतात मात्र सुर्दो नावाचा मोठा ढोल जड ठोका टाकतो तो दुसऱ्या मात्रेवर. आपल्या कहरवा तालात खालीला, म्हणजे तालाच्या हलक्या भागात, डग्गा गप्प बसतो, आणि ही मंडळी नेमकी तिथेच घुमतात! ड्यूकने या दोन्ही सवयी एकाच घरात नांदवल्या आहेत. एका चालीवर पाय धरला की खांदे दुसरीकडे जातात. हे एकदा कळल्यावर पहिलं, अल्बमच्याच नावाचं गाणं मला लॉबीत वाजण्यासारखं वाटेनासं झालं.

ड्यूक मूळचा कॅलिफोर्नियाचा. जॅझ सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडरली आणि रॉकवाला फ्रँक झप्पा अशा दोन टोकांच्या लोकांबरोबर वाजवून तयार झालेला हात. हा अल्बम करायला तो रिओ दि जानेरोला गेला, पण पाहुण्यासारखा नाही. गायिका फ्लोरा पुरिम आणि तालवादक आयर्तो मोरेरा या ब्राझिलियन जोडप्याशी त्याची जुनी ओळख होती. फ्लोराच्या १९७३च्या 'बटरफ्लाय ड्रीम्स' या अल्बममध्ये की-बोर्ड त्याचेच. 'लव्ह रिबॉर्न' ही चालही तिथलीच. इथे ती पुन्हा येते, तेव्हा माहेरी आल्यासारखी वाटते.

खरी श्रीमंती ब्राझिलियन गायक मिल्टन नासिमेंतोची. तिसरं गाणं 'क्राव्हू ई कानेला', म्हणजे लवंग आणि दालचिनी, आणि अगदी शेवटचं 'आऊ के व्हाई नासेर'. दोन्ही मुळात १९७२च्या 'क्लुबे दा एस्किना' या मिल्टन आणि लो बोर्जेसच्या अल्बममधली. मी ती जुनी रूपंही शोधून ऐकली. इथला 'क्राव्हू' जास्त चकचकीत, जास्त इस्त्री केलेला आहे, हे मान्य. पण मिल्टनचा आवाज वर चढतो तेव्हा पोर्तुगीज कळत नसल्याचं काही वाटत नाही. त्याच्या शेजारी ड्यूकचं स्वतःचं बारीक, वरच्या पट्टीतलं गाणं मला सुरुवातीला पातळ ताकासारखं लागायचं. सवय झाली. आवडलं असं म्हणणार नाही.

'आय नीड यू नाऊ' मी अजून सुई उचलून पुढे ढकलतो. फार साखर. (तुमचं लग्न नुकतंच ठरलं असेल तर कदाचित आवडेल.) उलट 'समुद्रातून वर आलं आणि एका घासात रिओ खाऊन टाकलं' अशा अर्थाचं लांबलचक नाव असलेला तुकडा रोज ऐकला तरी कंटाळा येत नाही. नाव वाचूनच निम्मी मजा येते. 'अलोन - सिक्स एएम' इतकं छोटं की चहा गाळेपर्यंत संपतं.

एक सल्ला: लॅपटॉपच्या स्पीकरवर हा ऐकू नका. बेस गेला की उरतो तो गोडवा, आणि मग पहिल्या आठवड्यातलं माझंच मत तुमचं होईल. साधे हेडफोनही चालतील. सिंथेसायझरचे काही आवाज तरीही जुने झालेले जाणवतात, त्याला इलाज नाही.

दुष्परिणाम एकच. गेल्या महिन्यात एकादशीच्या भजनात माझा डग्गा भर खालीवर घुमला, तोही दोन आवर्तनं. टाळकरी गोंधळले. बुवांनी पेटीवरून मान वर करून असं पाहिलं की तिसऱ्या आवर्तनाला मी निमूट पंढरपूरला परतलो.